दाबून ऑक्सिजन!

मॅरेथॉनचा दुसरा दिवस कुठला, हे ओळखायला कॅलेंडर लागत नाही. ऑफिसचा जिना बघायचा. काल ज्यांनी गळ्यात मेडल अडकवून फोटो टाकले, ती सगळी मंडळी आज कठड्याला धरून, खेकड्यासारखी तिरकी तिरकी पायऱ्या उतरत असतात. चढताना एकवेळ चालतं, पण उतरताना मांड्या अशा काही बोंबलतात की विचारू नका! सहा महिन्यांनी जिममध्ये उगवून पहिल्याच दिवशी जोशात स्क्वॉट्स मारणाऱ्यांचंही तेच. दोन दिवस खुर्चीत बसणं आणि खुर्चीतून उठणं हे दोन स्वतंत्र प्रोजेक्ट होऊन बसतात.

आणि नेमकी अशा वेळी मोबाइलवर ती जाहिरात येते. पांढरीशुभ्र, गुबगुबीत कॅप्सूल. आत डोळे मिटून पहुडलेली एक फिट मुलगी. आणि वचन काय, तर एक तास ऑक्सिजन घ्या, मसल्स एकदम फ्रेश! नाव भारदस्त आहे, हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी. लाडाचं नाव एचबीओटी. आपल्या शहरांतल्या वेलनेस सेंटर्सच्या मेन्यूकार्डवर मसाज आणि आइस बाथच्या शेजारी आता हेही दिसायला लागलंय.

तर आजचा विषय हाच. बंद डब्यात दाबून दिलेला ऑक्सिजन आपल्या दमलेल्या मसल्सचं खरंच काही भलं करतो का? की फक्त आपल्या खिशावरचा दाब वाढवतो?

गोटी सोड्याचा फंडा

आधी थोडं सायन्स. घाबरू नका, गोटी सोड्याइतकं सोपं आहे. बाटलीत गॅस दाबून भरलेला असतो, म्हणून तो पाण्यात विरघळून गप्प बसतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि फस्सकन बुडबुडे वर! दाब जेवढा जास्त, तेवढा गॅस द्रवात जास्त विरघळणार. विल्यम हेन्री नावाच्या इंग्लिश केमिस्टने हा नियम १८०३ मध्येच सांगून ठेवलाय.

आता आपलं रक्त. हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. फुप्फुसातून तो रक्तात येतो आणि लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर बसून शरीरभर फिरतो. हिमोग्लोबिन म्हणजे लोकल ट्रेनच्या सीट्स समजा. निरोगी माणसाच्या रक्तात या सीट्स ९७-९८ टक्के भरलेल्याच असतात. कोविडच्या काळात बोटाला ऑक्सिमीटर लावून आपण सगळ्यांनी तो आकडा तोंडपाठ केला होता. म्हणजे वरून आणखी ऑक्सिजन दिला तरी बसायला जागा आहे कुठे? त्याने उभ्यानेच जायचं! हे उभे पॅसेंजर म्हणजे रक्तातल्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत श्वास घेताना १०० मिलिलिटर रक्तात सीटवर बसलेला ऑक्सिजन असतो साधारण २० मिलिलिटर, आणि उभा असलेला जेमतेम ०.३ मिलिलिटर.

आता तुम्हाला एका मजबूत चेंबरमध्ये झोपवलं, आतला दाब बाहेरच्या तिप्पट केला आणि १०० टक्के ऑक्सिजन दिला, तर उभ्या पॅसेंजरांचा आकडा ०.३ वरून ६ च्या आसपास जातो. सुमारे वीसपट! शांत पडून असलेल्या शरीराची गरज भागायला एवढा ऑक्सिजन पुरतो. म्हणजे सीट्स नसल्या तरी गाडी चालेल. ॲमस्टरडॅमचे सर्जन इटे बोएरेमा यांनी १९६० मध्ये हे करून दाखवलं. त्यांनी डुकरांच्या शरीरातल्या जवळपास सगळ्या लाल पेशी काढून टाकल्या, त्याजागी प्लाझ्मासारखा द्रव भरला आणि दाबाखालच्या ऑक्सिजनवर ती डुकरं जगवली. त्या पेपरचं नावच होतं 'लाइफ विदाऊट ब्लड'. कसलं भारी ना?

हॉस्पिटलमध्ये एवढ्या टोकाला सहसा जात नाहीत. नेहमीच्या ट्रीटमेंटमध्ये दाब दुप्पट ते अडीचपट असतो आणि एक सेशन तास-दीड तासाचं. पण एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही सगळी कमाल दाब आणि शुद्ध ऑक्सिजन या जोडीची आहे. दोघांपैकी एकजण गैरहजर असेल, तर खेळ संपला.

जिथे हा खरा हीरो आहे

एचबीओटी हे काही थोतांड नाही बरं का. खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या डायव्हरच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, अगदी त्या सोड्यासारखे. त्याला वाचवायचं तर चेंबरच लागतो. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं आयएनएचएस अश्विनी हॉस्पिटल आहे, तिथली मंडळी डायव्हिंग मेडिसिनमध्ये मुरलेली आहेत ती यामुळेच. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळ करताना बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तो कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनच्या सीट्स बळकावून बसतो. गंभीर केसमध्ये त्याला उठवायला दाबाखालचा ऑक्सिजन कामी येतो. डायबेटिसमुळे पायाला झालेल्या काही हट्टी जखमा, रेडिएशननंतर बिघडलेले टिश्यू, गॅस गँगरीन... ही लिस्ट डॉक्टरांनी मान्य केलेली आहे.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिरडलेला मसल. समजा बाइक घसरली आणि पायावरून चाक गेलं. मसल्सभोवती एक पातळ पण चिवट आवरण असतं. आत सूज येते, आवरण काही ताणलं जात नाही, त्यामुळे आतल्या आत दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. लाल पेशी पुढे सरकू शकत नाहीत. मसल जिवंत असतो, पण गुदमरत असतो. अशा वेळी प्लाझ्मात विरघळलेला जादा ऑक्सिजन लाल पेशी जिथे पोहोचत नाहीत तिथेही झिरपत जातो. शिवाय भरपूर ऑक्सिजनमुळे रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्यामुळे सूजही उतरायला मदत होते.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये याची नीट परीक्षा घेतली. असे चिरडलेल्या हातापायांचे ३६ पेशंट्स, सगळ्यांचं ऑपरेशन झालेलं. निम्म्यांना खरी थेरपी म्हणजे अडीचपट दाब, ९० मिनिटं, दिवसातून दोनदा, सहा दिवस. उरलेल्यांना चेंबरमध्ये नेलं, पण नुसतंच खोटंखोटं. खरी थेरपी मिळालेल्या १८ पैकी १७ जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. दुसऱ्या गटात १८ पैकी १०. पुन्हा ऑपरेशनची वेळ पहिल्या गटात एकावर आली, दुसऱ्या गटात सहाजणांवर. पेशंट्स थोडे होते हे खरं, पण ज्याचा पाय वाचला त्याला विचारा!

म्हणजे मसल्सना या थेरपीचा फायदा होतो हे वाक्य खोटं नाही. फक्त ते कुठल्या मसल्सबद्दल आहे, हे जाहिरातीत कधी लिहिलेलं नसतं.

अंग आंबतं म्हणजे नक्की काय होतं?

व्यायामानंतरच्या दुखण्याला आपल्याकडे झकास शब्द आहे, अंग आंबलं! शब्दच असा, की लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे दुखतं ही थिअरी आपल्याला लगेच पटते. आंबट म्हणजे ॲसिड, हिशोब जुळला. पण लॅक्टिक ॲसिड व्यायाम थांबल्यावर तासाभरात मार्गी लागलेलं असतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांत टिपेला पोहोचतं. त्याला डॉक्टर 'डिलेड ऑनसेट मसल सोरनेस' म्हणतात, थोडक्यात डॉम्स.

डॉम्स होतो कशामुळे? मसल ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा. उतारावर धावणं, जिना उतरणं, डंबेल हळूहळू खाली आणणं. अशा वेळी मसलच्या धाग्यांमध्ये सूक्ष्म पातळीवर मोडतोड होते. मग शरीराची दुरुस्ती टीम येते. आधी पांढऱ्या पेशी येऊन मोडकातोडका माल उचलतात, मग मसलमधल्या राखीव पेशी कामाला लागून धागे सांधतात. या गडबडीत सूज येते, दुखतं, ताकद तात्पुरती कमी होते. पण हीच ती प्रोसेस, जिच्यामुळे पुढच्या वेळी तो मसल जास्त तयारीत असतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. या सगळ्यात ऑक्सिजन कमी पडतोय कुठे? सोमवारी सकाळी तुमच्या ठणकणाऱ्या मांडीत रक्त व्यवस्थित फिरतंय. सीट्स ९८ टक्के भरलेल्या आहेत. गाडी वेळेवर आहे. तिथे कमी आहे तो वेळ! दुरुस्तीला दोन-चार दिवस लागतात. रस्त्याचं काम चालू असताना सिमेंटचे आणखी दहा ट्रक आणून उभे केले, म्हणून काँक्रीट लवकर सुकतं का?

अभ्यास काय सांगतात?

हे नुसतं लॉजिक झालं. खऱ्या माणसांवर करून बघितलं तेव्हा काय झालं?

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ तरुणांच्या दंडाला मुद्दाम डॉम्स होईल असा व्यायाम दिला. निम्म्यांना अडीचपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, रोज एक तास, सात दिवस. उरलेल्यांना त्याच चेंबरमध्ये, पण जादा ऑक्सिजन नाही. दुखणं, सूज, ताकद सगळं मोजलं. दोन्ही गट सारखेच! त्याच्या आदल्या वर्षीच्या कॅनडातल्या एका प्रयोगात मात्र ऑक्सिजन घेतलेल्यांच्या मांडीची ताकद थोडी लवकर परत आल्याचं दिसलं होतं, पण दुखण्यात त्यांनाही फरक नव्हता. १९९७ मध्ये पाय मुरगळलेल्या ३२ जणांवर ही थेरपी करून बघितली, तर बरं व्हायला लागलेला वेळ दोन्ही गटांत सारखाच निघाला.

मग २००५ मध्ये कोक्रेन या संस्थेने असे नऊ छोटे अभ्यास एकत्र करून तपासले. एकूण २१९ माणसं. निष्कर्ष? डॉम्ससाठी किंवा मुरगळण्यासारख्या दुखापतींसाठी ही थेरपी वापरावी असा पुरावा नाही. आणि गंमत ऐका... डॉम्सच्या प्रयोगांत चेंबरमध्ये गेलेल्यांचं दुखणं ४८ आणि ७२ तासांनी उलट किंचित जास्तच निघालं! पैसे देऊन दुखणं विकत घेणं म्हणतात ते हेच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इस्राएलमधल्या टीमचा २०२२ मधला एक अभ्यास सध्या सगळे वेलनेसवाले कौतुकाने दाखवतात. चाळीस ते पन्नास वयाचे, नियमित कसून व्यायाम करणारे ३७ ॲथलिट्स. दुप्पट दाबाखाली ४० सेशन्स घेतल्यानंतर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, वाढलेली दिसली. इंटरेस्टिंग आहे, यात शंका नाही. पण सेशन्स ४०, तीही मेडिकल चेंबरमध्ये. माणसं मोजकी. आणि संशोधकांपैकी काहींचे या थेरपीच्या बिझनेसशी संबंध. दुसऱ्या कुणीतरी, जास्त माणसांवर हे पुन्हा करून दाखवलं तर मी आनंदाने याच पानावर लिहीन. तोवर एका अभ्यासाच्या जोरावर दहा सेशन्सचं पॅकेज घेणं म्हणजे ट्रेलर बघून पिक्चरला ऑस्कर देण्यासारखं आहे.

सेलेब्रिटींचं काय?

'पण लेब्रॉन जेम्स वापरतो ना!' वापरतो. त्याच्याकडे शेफ आहे, ट्रेनर आहे, फिजिओ आहे, झोपेचं वेळापत्रक आहे आणि त्यावर एक चेंबरही आहे. यातलं नेमकं काय त्याला धावायला लावतं हे वेगळं कसं काढणार? आणि खेळाडूंची सगळीच चेंबर्स एकसारखी नसतात. स्विमर मायकेल फेल्प्स २०१२ मध्ये ज्या चेंबरमध्ये झोपायचा, तो तर बरोब्बर उलटा होता. त्यात साडेआठ-नऊ हजार फूट उंचीवरच्यासारखी विरळ हवा होती, म्हणजे ऑक्सिजन कमी! फोटोत दोन्ही सारखेच चकाचक दिसतात.

सगळ्यात गाजलेला फोटो मायकल जॅक्सनचा. काचेच्या चेंबरमध्ये झोपलेला मायकल १९८६ मध्ये जगभर छापून आला आणि तो तरुण राहण्यासाठी त्यातच झोपतो अशी कंडी पिकली. १९९३ मध्ये ऑप्रा विन्फ्रीला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतःच खुलासा केला, की ते भाजलेल्या पेशंट्ससाठीचं मशीन होतं. पण तोवर अफवेने जगप्रवास केला होता.

आपल्याकडे समांथा रुथ प्रभूने चेंबरमधला फोटो २०२३ मध्ये टाकला आणि या थेरपीचं नाव घराघरात पोहोचलं. पण तिने त्याआधीच, २०२२ मध्ये, आपल्याला मायोसायटिस असल्याचं जाहीर केलं होतं. मायोसायटिसमध्ये मसल्सना सूज येते आणि ते कमजोर होतात. हा गंभीर आजार आहे. तिची लढाई वेगळी, आपला लेग डे वेगळा. दोन्हीला एकच उपाय लागू पडेल हे समजणं तिच्यावरही अन्याय आहे.

मग चेंबरमधून बाहेर आल्यावर लोकांना छान का वाटतं? अहो, तासभर पडून राहायचं, फोन नाही, मेल नाही, बॉस नाही, कोणी हाक मारणार नाही. याने कुणाला बरं वाटणार नाही? त्यात पैसे मोजलेले, म्हणजे बरं वाटलंच पाहिजे!

गुबगुबीत कॅप्सूलचा हिशोब

आता मघाची जोडी आठवा. दाब आणि शुद्ध ऑक्सिजन.

हॉस्पिटलचा चेंबर स्टीलचा किंवा जाड ॲक्रिलिकचा असतो. वेलनेस सेंटरमधली बरीचशी चेंबर्स मात्र कापडी, चेनवाली, फुगवायची असतात. त्यांचा दाब साधारण १.३ पट. म्हणजे किती? स्विमिंग पूलच्या खोल बाजूला ३ मीटरवर बुडी मारली की कानावर जेवढा दाब येतो तेवढा. दुप्पट दाबासाठी १० मीटर खाली जावं लागतं. मेडिकल ट्रीटमेंट म्हणायला किमान १.४ पट दाब आणि जवळपास शुद्ध ऑक्सिजन हवा, अशी या शाखेतल्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संघटनेची व्याख्या आहे.

त्यातून आत जर साधी हवाच भरली असेल तर मोबाइलवर गुणाकार करा. १.३ गुणिले २१ टक्के. उत्तर आलं २७ टक्के. नाकात साधी नळी लावून मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन दिला की साधारण २८ टक्के होतो! काही ठिकाणी आत कॉन्सन्ट्रेटरचा मास्कही देतात. त्याने ऑक्सिजन वाढतो, पण दाब तिथेच राहतो. अडीचपट दाबाने जे जमलं नाही, ते १.३ ने जमेल?

गंमत म्हणजे हा धंदा नवा नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडला ऑर्व्हिल कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरने १९२८ मध्ये ६४ फूट व्यासाचा स्टीलचा गोळा उभारला होता. आत हॉटेलसारख्या खोल्या आणि दाबाखालची हवा. डायबेटिसपासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं करण्याचा दावा. डॉक्टरांच्या संघटनेने पुरावा मागितला, तो काही आला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो गोळा भंगारात गेला.

मजेची गोष्ट नाही ही

'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?' असं म्हणणार असाल तर थांबा.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण बाकी सगळं भडाभडा पेटवतो. मिलानमधल्या एका हॉस्पिटलच्या चेंबरमध्ये ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी आग लागली आणि ११ जण गेले. कारण? हात गरम ठेवायचं एक छोटंसं उपकरण आत गेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका खासगी सेंटरच्या चेंबरमध्ये आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. म्हणूनच चांगल्या सेंटरमध्ये फोन, लायटर, सिंथेटिक कपडे, तेल, क्रीम, परफ्युम यांतलं काहीही आत नेऊ देत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने तर २०१३ मध्येच लोकांना सावध केलं होतं, की कुठल्या कुठल्या तक्रारींवर या थेरपीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्या यादीत स्पोर्ट्स इंज्युरीही होती.

बाकी त्रास वेगळेच. विमान उतरताना कान दडे बसतात ना, तसं इथेही होतं, आणि सर्दी असेल तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. क्वचित ऑक्सिजनच्या अतिरेकाने फिट येते. नजर काही काळ अधू होऊ शकते. डायबेटिसवाल्यांची साखर एकदम उतरू शकते. आणि फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा साठली असेल, तर उपचार होईपर्यंत चेंबरमध्ये पाऊलही टाकायचं नाही. त्यामुळे तपासणी न करता थेट पैसे भरून घेणारा काउंटर दिसला, की उलट्या पावली परत!

जायचंच असेल तर हे विचारा

• दाब किती? चेंबर मेडिकल आहे की फुगवायचा?

• आत शुद्ध ऑक्सिजन देणार की नुसती हवा?

• माझे कान आणि छाती कोण तपासणार? या विषयातले डॉक्टर हजर असतात का?

• आत कुणाला फिट आली किंवा आग लागली तर काय करता?

• सेल्फीसाठी फोन आत नेऊ का? 'हो' असं उत्तर आलं, तर तिथूनच टाटा!

मग आंबलेल्या अंगाचं काय करायचं?

एक, झोप. मसल्सची दुरुस्ती सुरू असताना रात्री दोनपर्यंत सीरिज बघणं म्हणजे गवंड्याला कामावर बोलावून त्याच्या हातातली थापी काढून घेणं.

दोन, खाणं. वेट ट्रेनिंग करणाऱ्यांना दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. डाळ, उसळ, अंडी, मासे, पनीर, दही... सगळं घरातलंच आहे. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तीन, हलकी हालचाल आणि मालिश. २०१८ मध्ये ९९ अभ्यास एकत्र करून रिकव्हरीचे वेगवेगळे उपाय तपासले गेले, त्यात डॉम्स आणि थकवा दोन्हीवर पहिला नंबर आला मसाजचा! आपल्या आज्यांना हे पेपर न वाचताच माहीत होतं.

चार, हळूहळू वाढवा. एकदा डॉम्स झाला की पुढचे काही आठवडे तोच व्यायाम कमी दुखतो. शरीर धडा लक्षात ठेवतं. त्याला शिकायला वेळ द्या.

आणि एक धोक्याची घंटा. जबरदस्त व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली, मसल्स खूप सुजले किंवा हातपाय उचलेनासे झाले, तर ना चेंबर ना मसाज. थेट हॉस्पिटल. तुटलेल्या मसल्समधला माल किडनीत अडकू शकतो, आणि तिथे प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

आपल्या पिढीला सगळं फास्ट हवं असतं. दहा मिनिटांत किराणा येतो, तर दोन दिवसांत मांड्या का बऱ्या होऊ नयेत? चेंबरवाले ऑक्सिजनच्या नावाखाली आपल्याला खरं तर वेळ विकत असतात. हा माल त्यांच्याकडे नाहीच. ज्याचा पाय चाकाखाली आलाय, त्याच्या मसलला ऑक्सिजन हवाय आणि तो तातडीने हवाय. त्याच्यासाठी हे मशीन सोन्याचं आहे. तुमच्या-माझ्या मसलला हव्यात दोन रात्रींची झोप, वाटीभर उसळ आणि थोडी सबुरी.

तेव्हा या वीकएंडला दाबून झोपा, दाबून जेवा. ऑक्सिजन आहे तेवढा पुरे!